मशिनाला लागतं गोडं पाणी



मागच्या मे महिन्यात आमच्या गटाची बैठक एका ड्रमावरून मोडली. ड्रम निळा, प्लास्टिकचा, दोनशे लिटरचा. खाडीच्या धक्क्याजवळ माडाखाली ठेवलेला. त्यात गोडं पाणी भरायचं, आणि होडी फेरी मारून आली की तिचं आऊटबोर्ड मशीन त्या पाण्यात दहा मिनिटं चालवायचं, असा नियम आम्ही केला होता. नळाला तेव्हा दोन दिवसांआड पाणी येत होतं. आमच्यातल्या एक काकी उठल्या आणि म्हणाल्या, "पिऊक पाणी नाय, आणि तुम्ही मशिनाक न्हाणी घालतात?" त्यांचं म्हणणं आम्हांला टोचलं, कारण ते खरं होतं. पंधरा लिटरचा हंडा धरला तर एका ड्रमाला तेरा-चौदा खेपा लागतात. खेपा कोण घालतं, हे तुम्हांला सांगायला नको.

पण दुसरी बाजूही खरी होती. त्याआधीचं आमचं पहिलं मशीन खाऱ्या पाण्याने खाल्लं होतं. पाहुण्यांना खाडी फिरवायची आणि कालवं काढायला जायचं म्हणून गटाने कर्ज काढून जुनं मशीन घेतलं. विकणाऱ्याने दोरी कशी ओढायची, तेल किती घालायचं हे सगळं दाखवलं. गोड्या पाण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या हंगामात मशीन तापायला लागलं, मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली, आणि एक दिवस भर खाडीत ते जाम झालं. फिटरने डोकं खोललं तेव्हा आत पाण्याच्या वाटा मिठाने आणि पांढऱ्या भुग्याने बुजलेल्या. त्या मेलेल्या मशिनाचे हप्ते आम्ही पुढे चौदा महिने भरले.

तेव्हा आमच्या मनात आलं, की समुद्र आणि धातू यांचं हे भांडण नवीन तर नसणार. आपल्या आधी लोकांनी काय केलं असेल? आमच्यातल्या एकीने बी.ए.ला इतिहास घेतला होता, तिला हे काम लावलं. (ती 'एक' कोण ते आवाजावरून ओळखा.) जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे मांडतो आहोत.

सगळ्यात जुना उपाय म्हणजे समुद्रात लोखंड न्यायचंच नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शेकडो वर्षं होड्या खिळ्यांनी ठोकत नव्हते, शिवत होते. फळीला कडेने भोकं पाडायची, काथ्याची दोरी ओवायची आणि फळीला फळी आवळून बांधायची. गोव्यात आणि केरळात अशा शिवलेल्या होड्या अगदी अलीकडेपर्यंत होत्या. खिळा नाही तर गंज कुठून येणार? होडी वाळूवर आपटली तरी शिवण थोडी लवते, फळी फुटत नाही. त्या शिवणीचा काथ्या खाडीत सोडणं कुजवून, कुटून, वळून तयार होतो, आणि सोडणं कुटायला कोण बसतं हे कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. होडीच्या इतिहासात बायांचं नाव सापडत नाही असं म्हणतात. आम्हांला तर ते पहिल्याच पानावर सापडलं, फक्त दोरीच्या रूपात.

पुढे मोठी जहाजं आली, त्यांना खिळे आणि पत्रे आले. लाकडाचा तळ समुद्रातले किडे पोखरतात, म्हणून इंग्रजांचं आरमार जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारायचं. पण खारं पाणी तांबंही खातं. १८२३ साली आरमाराने हम्फ्री डेव्ही नावाच्या शास्त्रज्ञाला विचारलं, यावर काही करता येईल का? डेव्हीने मिठाच्या पाण्यात तांब्याचे तुकडे बुडवून प्रयोग केले. त्याला दिसलं, की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा छोटा तुकडा जोडला तर समुद्र आधी तो तुकडा खातो आणि तांब्याला हात लावत नाही. वाटाण्याएवढं जस्त चाळीस-पन्नास चौरस इंच तांबं सांभाळतं, असं त्याने १८२४ साली लिहून ठेवलं.

यात आपला एक धागा आहे. ज्या जहाजांवर हा उपाय प्रत्यक्ष करून पाहिला, त्यांतलं एक 'समरंग' नावाचं होतं, आणि ते बांधलं होतं आपल्या कोचीनच्या गोदीत, सागवानात, १८२२ साली. मार्च १८२४ मध्ये त्याच्या तळाला लोखंडाचे राखणदार तुकडे बसवले आणि ते समुद्रापार धाडलं. तांबं वाचलं. मात्र असे तुकडे लावलेल्या काही जहाजांवर भलताच प्रकार झाला. तांबं झिजायचं थांबल्यावर त्याचं विष पाण्यात उतरेना, आणि तळाला शेवाळ नि शिंपले बिनधास्त चिकटायला लागले. जहाजं जड झाली, चाल मंदावली. काही वर्षांतच आरमाराने तो नाद सोडला. डेव्हीच्या हातून यश निसटलं, पण युक्ती वाया गेली नाही. आज तुमच्या घरच्या, दिराच्या, भावाच्या होडीचं मशीन जवळून बघा. पंख्याच्या वर, पाण्यात बुडणाऱ्या भागाला राखाडी रंगाचा एक तुकडा स्क्रूने बसवलेला असतो. तोच तो वाटाणा. तो झिजलेला दिसला की बरं समजायचं, कारण मशिनाच्या वाटचं तो झिजतोय. त्याला कुणी हौसेने रंग फासला तर मात्र तो निकामी होतो. आम्ही फासला होता.

तिसरी गोष्ट वाफेच्या आगबोटींची. मुंबईच्या गोदीत 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट बांधली, आणि ती २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझला निघाली. महिन्याभराने पोचली. त्या काळच्या आगबोटी बॉयलरमध्ये समुद्राचंच पाणी घालायच्या, कारण तेवढं गोडं पाणी बरोबर न्यायचं कुठे? आता चुलीवर खारं पाणी आटवलं तर भांड्याच्या तळाशी काय होतं ते आपण जाणतो. मिठागरातही तेच होतं, फक्त तिथे ऊन असतं. बॉयलरमध्ये मिठाचे नि चुन्याचे थर बसत, पत्रा तापून वाकायचा, कधी फुटायचा. म्हणून थोड्या थोड्या तासांनी आतलं दाट खारं पाणी नळ उघडून समुद्रात सोडून द्यायचं आणि नवीन पाणी घ्यायचं. तापवलेलं पाणी असं फेकलं की कोळसा वाया. शेवटी वाफ थंड करून तेच गोडं पाणी पुन्हा बॉयलरला द्यायची सोय निघाली. सॅम्युअल हॉल नावाच्या इंग्रजाने १८३४ साली तिचं पेटंट घेतलं, पण ती सगळीकडे रुळायला आणखी कित्येक वर्षं गेली. म्हणजे समुद्रात यंत्र न्यायचं तर आत गोडं पाणी फिरलं पाहिजे, हे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच कळलं होतं.

मग आपल्या आऊटबोर्ड मशिनात हे असं खारं पाणी थेट आत का घेतात? हा प्रश्न आम्ही फिटरला विचारला तेव्हा तो हसला. उत्तर आम्हांला इतिहासात मिळालं. हे मशीन मुळात समुद्राचं लेकरू नाहीच. त्याचा जन्म तळ्यावरचा.

अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचं राज्य आहे, गोड्या पाण्याच्या तळ्यांनी भरलेलं. तिथे ओले एव्हिनरूड नावाचा कारागीर होता. मूळचा नॉर्वेचा, पाच वर्षांचा असताना आईबापांबरोबर आलेला. त्याची आणि बेस केरी हिची गोष्ट तिकडे आवडीने सांगतात. उन्हाळ्यात ते तळ्यावर सहलीला गेले, बेसला आइसक्रीम हवं झालं, ओले वल्हं मारत पलीकडच्या काठाला गेला, आणि परत येईपर्यंत आइसक्रीम वितळलं. त्या दिवशी घामाघूम झालेल्या ओलेच्या डोक्यात होडीला मागून टांगायचं मशीन आलं, असं म्हणतात. आइसक्रीमची गोष्ट किती खरी आणि किती रंगवलेली हे सोडून द्या. त्याच्या आधी कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या माणसाने असं मशीन काढून विकायलाही सुरुवात केली होती, तेव्हा ओले पहिला नव्हे. पण त्याचं मशीन घरोघर पोचलं, आणि त्याचं मोठं कारण बेस होती.

तिची माहिती वाचून आमच्या गटात एकच चर्चा झाली. बेसने हिशेबाचं शिक्षण घेतलं होतं. दिवसभर ओले लोखंड घासणार आणि ही संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून पत्रं टाइप करणार, वह्या लिहिणार. १९०९ साली विक्री सुरू झाली तेव्हा मशीन दीड अश्वशक्तीचं होतं, सुमारे २८ किलो वजनाचं, किंमत ६२ डॉलर. वल्ही फेकून द्या, अशा अर्थाची जाहिरात बेसने स्वतः लिहिली. मागण्या इतक्या आल्या की कारखाना पुरेना. त्या अमेरिकेबाहेरून, थेट स्कँडिनेव्हियाच्या मच्छीमारांकडूनही आल्या. म्हणजे तळ्यावरचं मशीन समुद्रावर पोचलं ते या बाईच्या टाइपरायटरवरून. पुढे तिची तब्येत ढासळली म्हणून दोघांनी कंपनी भागीदाराला विकली आणि मुलाला घेऊन फिरायला निघाले.

त्या विश्रांतीत ओलेने नवं मशीन तयार केलं, यात ॲल्युमिनियम भरपूर वापरलेलं. जुन्या भागीदाराने ते नाकारलं. मग १९२१ साली नवराबायकोने पुन्हा शून्यातून दुसरी कंपनी काढली, नाव 'एल्टो'. वजन कमी आणि ताकद जास्त, आणि बाईमाणसालाही उचलता येईल असं मशीन, म्हणून ते खपलं. १९२९ साली त्यांच्या जुन्या-नव्या कंपन्या एकत्र आल्या. बेस १९३३ साली गेली, ओले त्याच्या पुढच्या वर्षी.

आमच्या मेलेल्या मशिनाचं मूळ इथे आहे. हलकं हवं म्हणून ॲल्युमिनियम, आणि तळ्याचं गोडं पाणी हाताशी म्हणून तेच आत ओढून मशीन थंड करायचं. तळ्यावर दोन्ही गोष्टी चोख. समुद्रावर दोन्ही अडचणीच्या. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, दहा लिटरच्या बालदीत साडेतीनशे ग्रॅम. आपल्या जेवणाच्या मिठाची पिशवी किलोची असते, तेव्हा तीन बालद्यांत ती भरली. ॲल्युमिनियमवर आपोआप एक पातळ साय धरलेली असते, तीच त्याला राखते. मीठ त्या सायीला भोकं पाडतं. लोणच्याच्या बरणीला आपण ॲल्युमिनियमचं झाकण लावत नाही, ते याचसाठी. शिवाय मशिनात ॲल्युमिनियमला स्टीलचे बोल्ट टेकलेले असतात, आणि खारं पाणी मध्ये आलं की डेव्हीचा वाटाणा उलटा फिरतो. इथे खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम.

आणि खरा घात होतो मशीन बंद केल्यावर. चालू असताना पाणी वाहतं राहतं. बंद केलं की आत उरलेलं पाणी गरम धातूवर सुकतं आणि मीठ तिथेच बसतं. उद्या पुन्हा थोडं, परवा पुन्हा. वाटा बारीक होतात, पाणी कमी फिरतं, मशीन तापतं, तापल्याने आणखी थर बसतो.

आपल्या देशात मशिनी होड्यांची मोठी सुरुवात स्वातंत्र्यानंतरची. १९५२ साली भारत-नॉर्वे करार झाला आणि केरळात नींदकरा भागात काम सुरू झालं. (पुन्हा नॉर्वे! आम्हांला गंमत वाटली.) पण त्यातून पुढे आल्या त्या पोटात इंजिन असलेल्या मोठ्या बोटी. लहान होडीवाल्यांनी आऊटबोर्ड मशीन मोठ्या संख्येने घेतलं ते १९८० नंतर, तेही केरळातच आधी. मोठे ट्रॉलर किनाऱ्याजवळची मासळी उपसून नेत होते, तेव्हा वल्ह्यावर आणि शिडावर भागेना. मशीन हौसेने आलं नाही, मागे पडू नये म्हणून आलं. आपल्या किनाऱ्यावरही पातीवाल्याने आणि छोट्या होडीवाल्याने ते याच धास्तीने लावलं. मशिनाबरोबर कर्ज आलं, इंधनाचा खर्च आला, आणि गोड्या पाण्याची गरज आली. पहिले दोन खर्च सगळे मोजतात. तिसरा कुणाच्या वहीत नसतो, कारण तो डोक्यावरून येतो.

म्हणून पुन्हा त्या ड्रमाकडे येऊ. काकींनी बैठक मोडल्यावर आम्ही फिटरला बोलावलं आणि पाणी किती कमी करता येईल ते विचारलं. त्याने जे दाखवलं ते सांगतो. मशीन ड्रमात उभं ठेवायचं, खालच्या पायाला पाणी ओढायच्या जाळ्या असतात त्या पूर्ण बुडून वर वीतभर पाणी पाहिजे. मोठा रुंद ड्रम लागत नाही, अरुंद आणि उंच पिंप घेतलं तर निम्म्या पाण्यात भागतं. पंखा काढून ठेवायचा, गिअर न्यूट्रलला, आणि हळू चालवायचं. मागून पिचकारी पडतेय ना हे बघत राहायचं, ती थांबली तर मशीन लगेच बंद. कोरडं एक मिनिटही चालवायचं नाही, आतला रबरी पंखा जळतो. झाल्यावर मशीन उभंच ठेवायचं म्हणजे आतलं पाणी गळून जातं. नव्या काही मशिनांना पाइप जोडायला वेगळी जागा असते, तिथे मशीन बंद ठेवूनच पाणी सोडतात. ते आमच्याकडे नाही.

पाणी रोज बदलायचं का? इथे आमची हिशेबनीस कामी आली. ती म्हणाली, मशिनात फार तर अर्धा लिटर खारं पाणी उरत असेल असं धरा. म्हणजे सतरा-अठरा ग्रॅम मीठ. शंभर लिटरात ते मिसळलं तर लिटरला दोन चिमटीही नाही. आठवडाभर तेच पाणी वापरलं तरी समुद्राच्या मानाने ते गोडंच. फिटरने मान डोलावली, फक्त वर तेलाचा तवंग दिसला की बदला म्हणाला, आणि ते पाणी झाडांना घालू नका. चौदा खेपा रोज लागत होत्या, त्या आठवड्याला सातवर आल्या.

सातसुद्धा कशाला, असं काकी म्हणाल्या. त्यांनीच आठवण काढली, की बंदराजवळ एक मचूळ विहीर आहे, नळ आल्यापासून कुणी तिकडे फिरकत नाही. पाणी पिण्याजोगं नाही, पण जिभेवर समुद्राच्या जवळपासही नाही. दोन रविवार लावून आम्ही ती उपसली. आता पहिली आठ मिनिटं मशीन विहिरीच्या पाण्यात चालतं, आणि शेवटी बालदीभर नळाचं पाणी बाहेरून ओततो. जून-जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होडी वरच काढलेली असते, आणि पुढे गणपतीपर्यंत पागोळीचं पाणी पिंपात पडतंच. अडचण उरते ती मार्च ते मे.

विहिरीवरून आणखी एक वाद निघाला. ती उपसल्याचं कळताच गावातले इतर होडीवालेही पिंपं घेऊन आले. यायला हरकत नाही, पण त्यांचं पाणी भरायला त्यांच्या घरच्या बाया आल्या, बाप्ये धक्क्यावर विडी ओढत बसले. आमच्या गटात यावर दोन मतं पडली. काहींना वाटलं, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. काकी मात्र हटून बसल्या. शेवटी ठरलं ते एवढंच, की गटाच्या होडीपुरता नियम आपण करायचा. होडी जो नेईल, मशिनाचं पाणी तोच भरेल. आमची होडी चालवायला दोन तरुण येतात. पहिला आठवडा एकाने बहिणीला पाठवलं. तिला आम्ही चहा पाजून परत पाठवलं आणि पिंप रिकामंच ठेवलं. त्या दिवशी फेरी झाली नाही, पाहुण्यांचे पैसे बुडाले. आमच्यातल्या दोघी अजून त्यावर नाराज आहेत.

गटाच्या वहीत आता फेरीच्या पानावर एक रकाना वाढवला आहे. तारीख, फेरी, इंधन, जमा, आणि शेवटी 'पाणी कोणी भरलं'. या महिन्यात त्या रकान्यात तेवीस नोंदी आहेत. अठरांपुढे त्या दोन मुलांची नावं, चारांपुढे आमची, आणि एक जागा कोरी. ती कोरी का राहिली ते येत्या बैठकीत विचारायचं आहे.